२८ आउटचा परफेक्ट गेम : स्कोअरकार्डातली चूक दुरुस्त करावी का?

वहीवाला

नमस्कार मंडळी,

मुलगी इथे अमेरिकेत शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये खेळते. "तुम्हाला क्रिकेट कळतं ना, मग स्कोअर तुम्हीच लिहा" असं म्हणून यंदा टीमची वही माझ्या गळ्यात घातली गेली. सराव म्हणून रात्री जुन्या बेसबॉल सामन्यांची स्कोअरकार्डं उघडून बसतो. त्यातल्या एकावर गाडी अडली आहे.

२ जून २०१०, डेट्रॉइटचं कोमेरिका पार्क. डेट्रॉइट टायगर्स ३, क्लीव्हलँड इंडियन्स ०. प्रेक्षक १७,७३८. वेळ १ तास ४४ मिनिटं. टायगर्सचा पिचर (म्हणजे बॉलर) आर्मांडो गलारागा, व्हेनेझुएलाचा. त्याची ओळ अशी: ९ इनिंग, १ हिट, ० रन, ० वॉक, ३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकवलेले किंवा सोडलेले योग्य बॉल, होऊन आउट), ८८ पिच (टाकलेले बॉल).

हा जो '१ हिट' आहे ना, तो खोटा आहे.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी: ९ इनिंग, प्रत्येकीत ३ आउट, म्हणजे एकूण २७. समोरच्या टीमचे २७ बॅटर आले आणि २७ परत गेले, एकही पहिल्या बेसवर पोचला नाही, तर तो परफेक्ट गेम. हिट (फटका मारून गाठलेला बेस) नाही, वॉक (चार चुकीच्या बॉलमुळे फुकट मिळालेला बेस) नाही, आपल्या फील्डरची चूक म्हणजे 'एरर'सुद्धा चालत नाही. एकोणिसाव्या शतकापासून आजवर मेजर लीगमध्ये असे फक्त २४ झालेत.

गलारागानं २६ आउट केले होते. नवव्या इनिंगमध्ये पहिल्याच बॅटरचा उंच फटका ऑस्टिन जॅक्सननं प्लेटकडे (बॅटर उभा असतो ती जागा) पाठ करून, पळत पळत खांद्यावरून झेलला. दुसरा शॉर्टस्टॉपकडे मारून आउट. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून जमिनीलगत फटका, मिगेल कॅब्रेरा बेस सोडून उजवीकडे गेला, बॉल उचलला आणि बेसकडे धावत आलेल्या गलारागाकडे फेकला. बॉल आधी पोचला, पाय बेसवर होता, डोनाल्ड पाऊलभर मागे. अंपायर जिम जॉइसनं दोन्ही हात पसरले: सेफ, म्हणजे नाबाद.

पुढचा बॅटर आउट झाला, मॅच संपली. सामन्यानंतर जॉइसनं रिप्ले पाहिला आणि सरळ कबूल केलं की आपण चुकलो, त्या पोराचा परफेक्ट गेम आपल्यामुळे गेला. लीगचे कमिशनर बड सेलिग यांनी मात्र निकाल बदलायला नकार दिला.

प्रश्न एवढाच: सगळ्या जगाला माहीत आहे, खुद्द अंपायरला मान्य आहे, मग नोंद दुरुस्त करायला काय हरकत? तुम्ही कमिशनर असता तर काय केलं असतं?

चिंचपोकळीचा गुगली

मी पयला!

आउट दिलं तर आउट, सेफ दिलं तर सेफ. आमच्या चाळीत ज्याची बॅट तोच अंपायर असायचा आणि अपील करायची सोय नव्हती. खेळ थांबला नाही कधी.

कडीपत्ता

'एरर' का नाही दिली स्कोअररनं? फील्डरच्या नावावर एरर टाकली असती तर निदान हिट तरी गेली असती.

वहीवाला

@कडीपत्ता, मलाही हेच सुचलं होतं. पण एरर द्यायला कुणीतरी चुकायला हवं. कॅब्रेरानं बॉल नीट उचलला, नीट फेकला, गलारागानं नीट घेतला. चुकला तो अंपायर, आणि वहीत अंपायरच्या चुकीसाठी रकानाच नाही. R, H, E (रन, हिट, एरर) एवढेच.

शिवाय एरर दिली असती तरी नो-हिटर (एकही हिट न दिलेला सामना) मिळाला असता, परफेक्ट गेम नाहीच. बॅटर बेसवर पोचला ना.

आकडेमोड

विषय निघालाच आहे तर थोडं पाल्हाळ.

हा बॉक्स स्कोअर नावाचा तक्ता बेसबॉलमध्ये रुजवला हेन्री चॅडविकनं. जन्म इंग्लंडमधल्या एक्झिटरचा, लहानपणी अमेरिकेत आला आणि पत्रकारितेची सुरुवात केली ती क्रिकेटच्या बातम्या लिहून. म्हणजे बेसबॉलची वही मुळात क्रिकेटच्या वहीवरून निघालेली आहे, तेव्हा वहीवाल्यांच्या गळ्यात ती पडणं न्यायाला धरूनच झालं. स्ट्राइकआउटला K लिहितात तोही चॅडविकचाच. S आधीच सॅक्रिफाइससाठी वापरात होता, म्हणून 'स्ट्रक' या इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं. बॅटरनं बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक गेला तर K उलटा काढतात.

खेळाडूंना आकडे असतात: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, असं पुढं उजव्या फील्डरपर्यंत ९. कॅब्रेरानं उचलून गलारागाला दिला म्हणजे वहीत '३-१' यायला हवं होतं. तीन, रेघ, एक. एवढंच लिहायचं राहिलं.

आणखी एक गंमत. डोनाल्ड सेफ झाल्यावर पुढच्या बॅटरच्या वेळी तो दुसऱ्या आणि मग तिसऱ्या बेसवर पळाला. त्याला अडवायचा कुणी प्रयत्नही केला नाही, म्हणून स्टोलन बेस म्हणून नोंद नाही, 'डिफेन्सनं लक्ष दिलं नाही' अशा खात्यात गेलं. म्हणजे ही वही हेतू बघते! फील्डरनं मनावर घेतलं नाही हे टिपून ठेवते आणि डोळ्यादेखत झालेला आउट टिपत नाही.

मिशिगनचा माळकरी

मी त्या दिवशी मैदानात होतो.

आता मॅचला गेलेले १७,७३८ आणि गेलो होतो म्हणून सांगणारे दोन-तीन लाख, हे मलाही माहीत आहे. पण मी खरंच होतो, आणि माझ्यापाशी पुरावा म्हणजे आमचे बाबा.

बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच आले होते. बुधवार होता, ऑफिसातल्या एकानं दोन तिकिटं दिली. मी उत्साहानं त्यांना घेऊन गेलो. दुसऱ्या इनिंगमध्ये कॅब्रेरानं होमरन मारली तेव्हा बाबा खूश. त्यानंतर जे सुरू झालं ते क्रिकेट बघणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं निव्वळ छळ होता. क्लीव्हलँडचा माणूस येतोय, मारतोय, आउट होतोय, जातोय. येतोय, जातोय. सहाव्या इनिंगला बाबा म्हणाले, "अरे, एवढी पगारी माणसं, एकाला त्या पहिल्या दगडापर्यंत पोचता येईना?" मी समजावत होतो की बाबा, हेच बघण्यासारखं आहे. ते म्हणाले, "न होण्यासारखं काय बघायचं?" आणि शेंगदाणे सोलायला लागले.

आठव्यात टायगर्सनी आणखी दोन रन केल्या. नवव्यात सगळं मैदान उभं. बाबाही उभे राहिले, कारण बसून पुढचं दिसेना. आणि डोनाल्डला सेफ दिल्यावर अख्ख्या मैदानातून जो काही आवाज निघाला त्यात एक माणूस टाळ्या वाजवत होता. आमचे बाबा. "पोचला रे, एक तरी पोचला!"

पुढच्या रांगेतला टायगर्सची टोपी घातलेला माणूस मागे वळून ज्या नजरेनं बघत होता ती मला आजही आठवते. मी त्याला फक्त "फर्स्ट टाइम" एवढंच म्हणू शकलो. पार्किंगपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

कडीपत्ता

😂😂 बाबांना साष्टांग दंडवत. "न होण्यासारखं काय बघायचं" हे परफेक्ट गेमवरचं सर्वात परखड समीक्षण आहे.

चिंचपोकळीचा गुगली

म्हणजे मैदानात त्या निर्णयाच्या बाजूचे दोनच मराठमोळे गडी: एक बाबा आणि दुसरा जॉइस जोशी.

सई_नाशिककर

मी बेसबॉल बघत नाही, पण शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले आहे, पिचर होते. फर्स्ट बेसवाली बेस सोडून बॉलमागे गेली की पिचरनं धावत जाऊन बेस घ्यायचा, हे सरांनी इतक्यांदा घोटून घेतलं होतं की झोपेत पण पळाले असते. वाटतं तितकं सोपं नसतं ते. बॉलकडे बघायचं, बेस पायानं चाचपायचा, आणि धावणारी अंगावर येतेय. अंपायरचं पण तेच, तो पाय बघतो आणि बॉल ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज ऐकतो. म्हणून मला त्या जॉइसचा राग नाही येत. गलारागानं ते अवघड काम बिनचूक केलं आणि वर चिडलाही नाही. व्हिडिओ आत्ता पाहिला. हसतोय तो! साधा, "अरेच्चा, असं का?" टाइप हसतोय. मी असते तर ग्लोव्ह फेकून मारला असता.

पंतांचा पणतू

भावनेच्या भरात वाहून जाऊ नका. निकाल बदलल्याची उदाहरणं बेसबॉलमध्ये आहेत.

२४ जुलै १९८३. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटनं यँकीजविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये होमरन मारली. यँकीजनी तक्रार केली की बॅटला डांबरासारखा चिकट पदार्थ नियमापेक्षा जास्त वरपर्यंत फासलाय. अंपायरनी बॅट मोजली, ब्रेट आउट, मॅच खल्लास. ब्रेट डगआउटमधून जो काही धावत सुटला तो प्रसंग बघाच. पुढे लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी अंपायरचा निर्णय फिरवला, होमरन धरली, आणि १८ ऑगस्टला तिथून पुढे मॅच खेळवून संपवली. कॅन्सस सिटी ५-४ नं जिंकली.

मग १९८३ ला जमतं ते २०१० ला का नाही? गलारागाच्या बाबतीत तर परत खेळवायचीही गरज नव्हती. पुढचा बॅटर आउटच झाला होता. निकाल तोच, ३-०. कुणाचंही नुकसान नाही. एक ओळ खोडायची फक्त.

आकडेमोड

@पंतांचा पणतू, फरक आहे. ब्रेटच्या वेळी प्रश्न नियमाच्या अर्थाचा होता: बॅट नियमात बसत नाही म्हणून होमरन रद्द होते का? गलारागाच्या वेळी प्रश्न नजरेचा होता. सेफ की आउट हे अंपायरच्या नजरेवर आणि त्यावर प्रोटेस्ट चालत नाही. एकदा नजरेचे निर्णय फिरवायला लागलात की थांबणार कुठं? १९७२ मध्ये मिल्ट पॅपसचा परफेक्ट गेम सत्ताविसाव्या बॅटरला वॉक दिल्यामुळे गेला, दोन स्ट्राइक झाल्यावर. तो बॉल स्ट्राइक होता असं पॅपस पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिला. तोही उघडायचा?

पंतांचा पणतू

पॅपसच्या अंपायरनं चूक मान्य केली नव्हती. इथं केली आहे. आरोपीनं कबुली दिल्यावर खटला कसला लढवताय?

आकडेमोड

आरोपी अंपायर नाही हो. शिक्षा झालेला माणूस वेगळाच आहे.

शिवाजी पार्कचा कट्टा

क्रिकेटवाल्यांना हे नवीन नाही. १९८० चा वानखेडेवरचा गोल्डन ज्युबिली टेस्ट आठवा. इंग्लंड ५ बाद ५८, बॉब टेलरला अंपायरनी झेलबाद दिला. टेलर म्हणाला बॅट लागली नाही, आणि आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथ, त्यानं अंपायरला सांगून टेलरला परत बोलावलं! मग टेलरनं केल्या ४३, बोथमनं ११४, दोघांची १७१ ची भागीदारी, आणि आपण १० विकेटनी हरलो. आमचे थोरले काका तेव्हा स्टँडमध्ये होते, ते विशीला शिव्याही देतात आणि डोळेही पुसतात.

आता स्कोअरकार्ड काढून बघा. टेलर ४३. तो एकदा आउट होऊन परत आला याचा त्यात मागमूस नाही. वही फक्त शेवट लिहिते.

मिशिगनचा माळकरी

@शिवाजी पार्कचा कट्टा, डोळे पुसण्यावरून आठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत त्याच दोन टीमची मॅच होती आणि प्लेटमागे अंपायर जॉइसच. बाबांना मी टीव्हीसमोर बसवलं. मॅचआधी दोन्ही टीमच्या खेळाडूंच्या याद्या अंपायरला द्यायच्या असतात. टायगर्सचा मॅनेजर जिम लेलँड नेहमीसारखा स्वतः गेला नाही, त्यानं गलारागाला यादी घेऊन पाठवलं. जॉइस, हा भला मोठा मिशाळ माणूस, डोळे पुसत होता. यादी घेतली, गलारागाच्या पाठीवर थाप मारली.

बाबा म्हणाले, "काल मी टाळ्या वाजवल्या त्या ह्याच्यासाठी का?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "चहा ठेव."

त्याच महिन्यात खेळाडूंचा एक सर्व्हे आला होता, लीगमधला सर्वोत्तम अंपायर कोण. पहिला आला जॉइस.

फेरफारकाका

मी महसूल खात्यातून निवृत्त. बेसबॉल कशाशी खातात ठाऊक नाही, नातवानं हा धागा वाचायला दिला. पण नोंदी दुरुस्त करण्यात उभी हयात गेली म्हणून दोन शब्द.

सातबाऱ्यात चूक दोन प्रकारची. एक लेखनप्रमाद. रामचंद्रचं रामभाऊ झालं, क्षेत्रात शून्य राहिलं. त्याला कलम १५५ आहे, अर्ज करा, चौकशी होते, तहसीलदार दुरुस्त करतात. दुसरी चूक म्हणजे अधिकाऱ्यानं सुनावणी घेऊन दिलेला निर्णयच चुकीचा. तो लेखनप्रमाद म्हणून दुरुस्त होत नाही, अपिलात जावं लागतं. लोक गफलत करतात इथंच. साहेब, चूक तर उघड दिसतेय, असं म्हणून १५५ चा अर्ज घेऊन येतात. मी परत पाठवायचो.

तुमच्या अंपायरनं दिला तो आदेश. वहीवाल्या कारकुनानं आदेशाप्रमाणे नोंद घेतली. कारकुनाची चूक नाही, म्हणून १५५ नाही. आणि या खेळात अपिलाची तरतूद नव्हती असं वर कोणी लिहिलं आहे. मग नोंद तशीच राहणार.

आणखी एक. आपल्याकडे जुनं नाव रबरानं खोडत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक घालून नवीन नाव खाली लिहितात. जुनं कोण होतं ते वाचता आलं पाहिजे.

सई_नाशिककर

काका, _/\_ अख्ख्या धाग्यातला सर्वात भारी प्रतिसाद.

चिंचपोकळीचा गुगली

कमिशनर साहेबांना काकांच्या हाताखाली सहा महिने ट्रेनिंगला पाठवा.

आकडेमोड

काकांनी लेखनप्रमाद म्हटला आणि ट्यूब पेटली. त्याच स्कोअरकार्डात लेखनप्रमादसुद्धा आहे!

हरलेला पिचर बघा: फाउस्टो कार्मोना. जानेवारी २०१२ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमध्ये त्याला पकडलं. फाउस्टो कार्मोना हे त्याचं नावच नव्हतं. खरं नाव रोबेर्तो एर्नांदेस एरेदिया, आणि वय दाखवलं होतं त्याहून तीन वर्षं जास्त. कोवळी मुलं क्लबांना हवी असतात, म्हणून दुसऱ्याच्या कागदांवर नोंद झाली होती. नंतर तो खऱ्या नावानं परत येऊन खेळला आणि त्याच्या सगळ्या कारकिर्दीची नोंद आता एर्नांदेस या नावाखाली आहे.

म्हणजे त्या रात्रीच्या कागदावर दोन खोट्या गोष्टी होत्या. जिंकणाऱ्याच्या ओळीतली एक हिट आणि हरणाऱ्याचं नाव. नाव दुरुस्त झालं, हिट नाही. काकांचा नियम जसाच्या तसा.

कडीपत्ता

वयाचं आपल्याला कोणी सांगू नये. आमच्या आजोबांच्या पिढीत निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे. गुरुजींना नावं घालायची घाई असायची.

चिंचपोकळीचा गुगली

आणि मॅच २ जूनची! एक दिवसानं हुकली, नाहीतर सगळंच बिनचूक जुळलं असतं.

पंतांचा पणतू

बरं, निर्णय फिरत नाही हे एक वेळ मान्य. पण मग लीगनं स्वतः वह्या उघडल्या त्याचं काय? १९९१ मध्ये समिती बसली, नो-हिटरची व्याख्या बदलली आणि आधीच्या पन्नासेक नोंदी यादीतून बाहेर. त्यात हार्वी हॅडिक्स! १९५९ मध्ये पठ्ठ्यानं १२ इनिंग परफेक्ट टाकल्या, ३६ आले ३६ गेले, पण त्याच्या टीमला रन करता येईना, तेराव्यात सगळं मोडलं आणि १-० नं हरला. बत्तीस वर्षांनी सांगितलं, तुझा धरत नाही.

आणि २०२४ मध्ये निग्रो लीग्सचे (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग) आकडे मुख्य नोंदीत घेतले. जॉश गिब्सनची .३७२ सरासरी टाय कॉबच्या वर गेली. जन्मभर वर्णभेदामुळे ज्यांना मेजर लीगमध्ये खेळू दिलं नाही त्यांना न्याय मिळाला, उत्तमच झालं. म्हणजे वही उघडता येते. इच्छा लागते.

आकडेमोड

या दोन्हीत एकाही अंपायरचा एकही निर्णय बदलला नाही. काय मोजायचं ते बदललं, काय घडलं ते नाही. पण गिब्सनचा मुद्दा मान्य, बिनशर्त.

शिवाजी पार्कचा कट्टा

थोडं अवांतर. कुंबळेच्या १० विकेट, दिल्ली १९९९. नऊ झाल्यावर श्रीनाथ मुद्दाम बाहेर बाहेर टाकत होता, विकेट मिळू नये म्हणून. ७४ धावांत १० लिहिलंय, श्रीनाथच्या त्या ओव्हरबद्दल वहीत फक्त धावा. तेव्हा रिव्ह्यू असता तर दहाच्या दहा राहिले असते का, असं पाकिस्तानी मित्र विचारतात. मी विषय बदलतो.

सई_नाशिककर

मग रिव्ह्यू आला का बेसबॉलमध्ये या प्रकारानंतर?

आकडेमोड

२००८ पासून होमरनपुरता होता. बाकी निर्णयांसाठी २०१४ ला आला. आता असा प्रसंग झाला तर न्यूयॉर्कमध्ये बसलेले लोक स्क्रीनवर बघून मिनिटा-दोन मिनिटांत आउट देतील. गलारागाला चार वर्षं उशीर झाला. त्याला दुसऱ्या दिवशी शेव्हरोलेची लाल कॉर्वेट मात्र भेट मिळाली. मिशिगनच्या गव्हर्नरबाईंनी हा परफेक्ट गेमच आहे असा जाहीरनामाही काढला होता.

फेरफारकाका

गव्हर्नरांना या बाबतीत अधिकारिता नाही.

मिशिगनचा माळकरी

😂 काका _/\_

वहीवाला

सगळ्यांचे आभार, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी सुरुवातीला 'बदला' पार्टीचा होतो, आता डळमळीत आहे. त्याला कारण काकाही आहेत आणि परवाचा शनिवारही.

आमच्या पोरींच्या मॅचला अंपायर म्हणजे हायस्कूलचा एक मुलगा, खिशात च्युइंग गम. माझ्या मुलीनं शॉर्टस्टॉपकडे बॉल मारला, धावली, बॉल आधी आला. मी बाकावरून नीट पाहिलं, स्पष्ट आउट. पोरानं हात पसरले. सेफ. मी वहीत मुकाट्यानं हिट लिहिली. फील्डर चुकली नव्हती, दुसरं लिहिणार काय?

घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, मी आउट होते." म्हटलं, माहीत आहे. थोड्या वेळानं, "या सीझनला माझे १२ पैकी ३ झालेत. म्हणजे .२५०. ती काढली तर १२ पैकी २, म्हणजे .१६७." तिनं फोनवर हिशोब करून ठेवला होता. मग म्हणाली, "तू काय लिहिलंस?"

हिट, म्हटलं.

पुढं घर येईपर्यंत गप्प. उतरताना वही मागून घेतली, तो चौकोन बघितला आणि परत दिली. काही बोलली नाही.

फेरफारकाका

कंस करायला सांगा तिला. पेन्सिलीनं.